घरचे यंत्र : कॅमेऱ्याचे पाणी कुठे मुरते?



मागच्या हिवाळ्यात वाडीच्या एका काकूंनी नातीकडून चिठ्ठी लिहवून घेतली. चिठ्ठी चार ओळींची होती. ‘भाऊ, पोराने दिवाळीत कॅमेरा आणून दिला. तीन माणसे येऊन गेली, पण तो काही वायफायला लागत नाही. तुमचे काकाजी या थंडीत अजून जागलीला जातात. त्यांची छाती भरते. काही उपाय असला तर सांगा.’

चिठ्ठी वाचून राहवले नाही. उपाय पत्राने कळवण्यासारखा नव्हता, म्हणून एका रविवारी मीच गेलो.

वाडी म्हटले की अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या रांगा, ट्रान्सपोर्टची गोदामे आणि अंबाझरीची आयुध निर्माणी आठवते. पण या गर्दीच्या पाठीमागे अजून शेती आहे, संत्रा आहे. काकाजींची बाग घराला लागूनच आहे. आंबिया बहार तोडणीला आलेला. त्यात मागच्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीची केबल कोणीतरी कापून नेलेली. केबल जाते तेव्हा तांब्याचे पैसे तर जातातच, पण ऐन ओलिताचे आठ दिवसही जातात. तेव्हापासून सत्तरी ओलांडलेला हा माणूस घोंगडी, काठी आणि बॅटरी घेऊन बागेत निजायला जात होता. पोरगा पुण्याला नोकरीला. त्याने बापाची जागली सुटावी म्हणून कॅमेरा आणला, नि तो कॅमेरा महिनाभर कडुनिंबावर मुका लटकत होता.

काकाजी मला पाहून म्हणाले, “हा डब्बा काही जागली करत नाही बाप्पा. मीच बरा.”

तिघे येऊन काय सांगून गेले तेही ऐका. मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा म्हणाला, कॅमेराच खराब. कॅमेरा विकणारा म्हणाला, नेट खराब. नेटवाला म्हणाला, नेट उत्तम आहे, मोबाइल बदला. प्रत्येकाने काहीतरी केले, पण कॅमेरा लागला नाही, म्हणून प्रत्येकाने दोष पुढच्याच्या गळ्यात घातला.

आता तुम्हीच सांगा, शेवटच्या झाडाला पाणी पोहोचले नाही तर तुम्ही काय करता? झाडाला बोल लावत नाही. विहिरीपासून निघता. मोटार चालू आहे का, पाइप फुटला आहे का, दांड कुठे तुटला आहे का, असे एकेक सांधे पाहत झाडापर्यंत येता. कॅमेऱ्याचेही तेच करायचे. आणि एक गोष्ट आधीच गाठीला बांधा. पाइप तीन जागी फुटलेला असला, तर एक भोक बुजवून झाडाला पाणी येत नाही. म्हणून बुजवलेले भोक चुकीचे होते असे नाही. वाडीच्या त्या घरात नेमके हेच झाले होते. तेथे दोष एक नव्हता, तीन होते.

पहिला सांधा : वीज

कॅमेऱ्याचा दिवा लागतो म्हणजे त्याला पुरेशी वीज मिळते, असे समजू नका. बहुतेक लहान कॅमेरे ५ व्होल्टवर चालतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज ॲडॉप्टर ५ व्होल्टवर उतरवतो. आता २३० तून दीड व्होल्ट वाटेत गळाले तर काही बिघडत नाही. पण ५ तून दीड गळाले तर उरतात साडेतीन, आणि तेवढ्यावर कॅमेरा उभा राहत नाही. दहा-पंधरा मीटर बारीक तारेत एवढी गळती सहज होते.

काकाजींनी गोठ्यातल्या सॉकेटला ॲडॉप्टर लावून तिथून कडुनिंबापर्यंत बाजारातली बारीक लांब तार ओढली होती. दिवसा कॅमेरा कसाबसा चालू राही. रात्री अंधारात पाहण्यासाठी त्याचे आतले दिवे लागले की विजेची ओढ वाढे, आणि कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होई. हा पहिला दोष. उपाय असा की ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या, त्याच्यासोबत आलेली मूळ तारच वापरा, आणि लांबी वाढवायची ती २३० व्होल्टच्या बाजूने, चांगल्या जाडीच्या वायरने. ते काम वायरमनकडून करून घ्या. जोड उघडा ठेवू नका, पावसापासून झाका.

वीज जाऊन आल्यावर कॅमेरा लागत नसेल तर घाई करू नका. राउटरला पूर्ण जागे व्हायला दोन-चार मिनिटे लागतात. आधी राउटर, मग कॅमेरा, असा क्रम ठेवा. आणि एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा बॅटरीवर असला तरी वीज गेल्यावर राउटर झोपतो, आणि मग चित्र मोबाइलवर येत नाही. राउटरपुरता लहान बॅटरीचा डबा बाजारात मिळतो. भारनियमन असलेल्या गावात तो आधी घ्या.

दुसरा सांधा : घरात नेट आहे का?

वायफाय आणि इंटरनेट या दोन गोष्टी आहेत. इंटरनेट म्हणजे बाहेरून येणारा कालवा. वायफाय म्हणजे राउटरपासून तुमच्या यंत्रापर्यंतचा दांड. दांड चांगला असून कालवा कोरडा असू शकतो. मोबाइलवर वायफायची खूण दिसते, तरी काहीच उघडत नाही, ते यामुळे.

याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलमधला सिमचा डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि एखादे गाणे लावून पाहा. वाजले तर कालव्याला पाणी आहे. नाही वाजले तर कॅमेऱ्याला हात लावू नका, नेटवाल्याला बोलवा. डेटा बंद केल्याशिवाय ही परीक्षा करू नका, कारण वायफाय कोरडे असले की मोबाइल गुपचूप सिमवरून काम चालवतो. काकाजींकडे गाणे झटकन वाजले. नेटवाला खरेच बोलला होता.

तिसरा सांधा : २.४ आणि ५ चा घोळ

सर्वांत जास्त लोक इथे अडतात. वायफाय हवेतून लहरींवर चालते. नवे राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ ची. पहिलीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची तिच्या निम्म्याहून कमी. ५ ची लहर वेगाने माहिती नेते, पण लांब पोहोचत नाही आणि भिंतीत लवकर दमते. २.४ ची हळू चालते, पण दूर जाते. आपल्या देशात घरगुती वायफायसाठी २.४ च्या पट्ट्याला परवान्यातून सूट २००५ मध्ये मिळाली, आणि ५ चा पट्टा २०१८ मध्ये आणखी मोकळा झाला.

आता मुद्दा असा की स्वस्त घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त २.४ ची लहर कळते. ५ ची लहर त्यांना दिसतच नाही. खोक्यावर किंवा पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. पण मोबाइलला दोन्ही कळतात. तुम्ही मोबाइल ५ वर ठेवून कॅमेऱ्याला त्याच वायफायचे नाव दिले, तर तो बिचारा न दिसणारी वाट शोधत बसतो.

पुष्कळ राउटर दोन्ही लहरींना एकच नाव देतात. काकाजींच्या घरी तसेच होते, हा दुसरा दोष. नेटवाल्याला सांगून दोन्हींची नावे वेगळी करून घ्या, किंवा जोडणीपुरती ५ ची लहर बंद करायला सांगा. मोबाइल २.४ च्या नावावर आणा, मग कॅमेरा जोडा. एकदा जोडला की ५ पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

याच सांध्यात आणखी काही खडे अडकतात. पासवर्डमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो. नावात किंवा पासवर्डमध्ये मोकळी जागा, चित्रविचित्र खुणा किंवा देवनागरी अक्षरे असली तर काही कॅमेऱ्यांना ती कळत नाहीत. साधी इंग्रजी अक्षरे आणि आकडे ठेवा. कोणी पासवर्ड बदलला असेल तर जुना कॅमेरा जुन्याच पासवर्डवर अडून बसतो. त्याला नवा शिकवावा लागतो. आणि राउटरच्या कुलपाचे नवे प्रकारही आले आहेत. त्यातला डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ पासूनचा आहे. जुन्या कॅमेऱ्याला तो उघडता येत नाही. अशा वेळी नेटवाल्याला डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही चालतील असा मिश्र प्रकार ठेवायला सांगा. कुलूपच काढून टाका, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

चौथा सांधा : मोबाइल आणि कॅमेऱ्याची ओळख

झाडावर, शिडीवर उभे राहून जोडणी करू नका. कॅमेरा खाली उतरवा, घरात आणा, राउटरपासून दोन-तीन हातांवर टेबलावर ठेवा. तिथे तो जोडला गेला म्हणजे कॅमेरा, मोबाइल, पासवर्ड सारे ठीक आहे, आणि दोष असलाच तर अंतराचा आहे, हे एका फटक्यात कळते.

कॅमेऱ्याला रिसेटचे बटण किंवा बारीक छिद्र असते. दिवा लुकलुकेपर्यंत किंवा आवाज येईपर्यंत ते दाबून धरा, साधारण पाच ते दहा सेकंद. याने तो जुने सगळे विसरतो. कॅमेरा सेकंडहँड घेतला असेल तर पहिल्या मालकाला त्याच्या ॲपमधून तो काढून टाकायला सांगा. नाहीतर पुष्कळ कॅमेरे दुसऱ्याच्या खात्यात बसायला नकार देतात. ॲप जेव्हा लोकेशनची आणि जवळची यंत्रे शोधण्याची परवानगी मागते तेव्हा जोडणीपुरती ती द्या. सिमचा डेटा त्या वेळी बंद ठेवा. मोबाइलवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याला दाखवायचा असेल तर स्क्रीनचा उजेड वाढवा आणि मोबाइल वीतभर अंतरावर धरून हळूहळू मागेपुढे करा.

एवढे करूनही जमले नाही तर शेवटची परीक्षा घ्या. घरात दुसरा मोबाइल असेल तर त्यावर हॉटस्पॉट लावा, तो २.४ वर ठेवा, आणि कॅमेरा त्याला जोडून पाहा. तिथे जोडला गेला तर कॅमेरा शाबूत आहे, दोष राउटरमध्ये आहे. तिथेही नाही जोडला, तर खोके आणि पावती घेऊन दुकान गाठा. ‘खराब आहे’ एवढेच न म्हणता कोणती परीक्षा घेतली ते सांगा, म्हणजे दुकानदाराला टोलवाटोलवी करता येणार नाही.

काकाजींचा कॅमेरा टेबलावर दुसऱ्या खेपेलाच जोडला गेला. काकूंचा चेहरा मोबाइलवर आला तेव्हा त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “मायबाई, मी अशी दिसतो काय?”

पाचवा सांधा : अंतर आणि आड येणाऱ्या वस्तू

पण कडुनिंबावर नेल्याबरोबर कॅमेरा पुन्हा मुका झाला. राउटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटावर. मध्ये विटांच्या दोन भिंती, त्यापुढे गोठ्याची टिनाची भिंत, मग झाड. हा तिसरा दोष. टिन या लहरींना आरशासारखा परतवतो. पाण्याने भरलेली टाकी आणि ओली दाट पाने लहर पिऊन टाकतात. म्हणून उन्हाळ्यात चालणारा कॅमेरा कधी कधी पावसाळ्यात झाड वाढल्यावर तुटक होतो.

आम्ही राउटर कपाटावरून काढून बागेकडच्या खिडकीत ठेवला. कॅमेरा कडुनिंबावरून हलवून गोठ्याच्या अलीकडच्या कोपऱ्याला लावला. तेथून ती खिडकी समोर दिसते. ॲडॉप्टर तिथेच छपराखाली झाकून बसवला. आता विहीर कॅमेऱ्यात दिसत नाही, पण विहिरीकडे जाणारी एकच वाट आहे, ती पूर्ण दिसते. चोर उडत जात नाही. जागा निवडताना पाहायचे काय आहे ते आधी ठरवा, आणि लहर पोहोचते का हे मोबाइल तिथे नेऊन, डेटा बंद करून तपासा. मग खिळा ठोका.

तुमची विहीर फार लांब असेल तर घरच्या वायफायचा हट्ट धरू नका. नेटची तार एका ओढीत साधारण १०० मीटरपर्यंत चालते. त्यापलीकडे समोरासमोर लावायची जोड-अँटेना किंवा सिमकार्डवर आणि सौर पाटीवर चालणारा कॅमेरा पाहा. सिमचा घ्यायचा असेल तर त्या जागी कोणत्या कंपनीचे नेट येते ते आधी मोबाइलवर पाहा.

आणि आपल्या नागपूरकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात तापलेल्या टिनाखाली त्याहून जास्त होते. पुष्कळ कॅमेऱ्यांची झेप ५० अंशांपर्यंतचीच असते. दुपारी बंद आणि रात्री चालू असे होऊ लागले तर दोष वायफायचा नसून उन्हाचा असतो. कॅमेऱ्यावर सावलीचा छोटा छज्जा करा.

कुलूप लावल्याशिवाय उठू नका

जाळ्याला जोडलेला एक जुना प्रसिद्ध कॅमेरा १९९१ साली इंग्लंडमध्ये, केंब्रिज विद्यापीठात लागला. तो पाहत होता कॉफीच्या भांड्याकडे! भांडे रिकामे असताना जिने चढून जाण्याची खेप वाचावी, एवढाच हेतू. तेव्हापासून आजवर काम तेच आहे, माणसाची खेप वाचवणे. पण जे तुम्हाला घरबसल्या दिसते ते दुसऱ्यालाही दिसू शकते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता.

म्हणून जोडणी झाली की कॅमेऱ्याचा आणि राउटरचा पासवर्ड बदला. नवा कॅमेरा घेताना तो भारत सरकारच्या सुरक्षा-तपासणीतून पास झाला आहे का, हे दुकानात विचारा. एप्रिल २०२५ पासून ती तपासणी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लागू झाली आहे. मदतीचा फोन नंबर खोक्यावरून किंवा पुस्तिकेतूनच घ्या. नेटवर शोधलेल्या नंबरवर ‘कंपनीचा माणूस’ भेटतो, मोबाइलवर एखादे ॲप टाकायला लावतो, ओटीपी मागतो, आणि कॅमेऱ्याच्या नादात संत्र्याचे पैसे खात्यातून जातात. असे झालेच तर लगेच १९३० वर फोन करा.

कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे तेही पाहा. शेजाऱ्याचे अंगण, न्हाणीघर, लेकीसुनांची उठबस कॅमेऱ्यात येता कामा नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली कोणाचे खासगी चित्रण करणे गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे सोडा, घरातल्या बाईमाणसाला विचारल्याशिवाय घरात कॅमेरा लावू नये, एवढी रीत आपण पाळलीच पाहिजे.

आता काकाजींचे काय झाले ते सांगतो. पहिल्या रात्री मोबाइलची घंटी एकसारखी वाजत राहिली. एकदा मांजर, एकदा रानडुक्कर, बाकी सारी हलणारी पाने. दुसऱ्या दिवशी नातीने ॲपमध्ये जाऊन ‘फक्त माणूस दिसला तर सांग’ असे केले, तेव्हा कुठे घर झोपले. पण काकाजी त्या रात्रीही बागेत गेलेच. तिसऱ्या रात्रीही गेले. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला, “भाऊ, आज घोंगडी घरातच आहे. पण मोबाइल उशाशी घेऊन निजले आहेत, दर घडीला उघडून पाहतात.”

मी म्हटले, पाहू द्या. वर्षाची सवय आहे, एका रात्रीत जात नाही. आणि एक मात्र सांगून ठेवले, ते तुम्हालाही सांगतो. घंटी वाजली आणि वाटेवर माणूस दिसला, तर काठी घेऊन एकट्याने धावू नका. कॅमेरा चोर पकडत नाही, तो फक्त उठवतो. आधी शेजारच्या दोन घरांना फोन करा, ११२ ला कळवा, मग सारे मिळून बाहेर पडा. त्या दोन घरांचे नंबर आजच मोबाइलमध्ये वर आणून ठेवा.

शेवटी एक काम. कागदावर चार गोष्टी लिहा : वायफायचे नाव, पासवर्ड, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि घेतल्याची तारीख. तो कागद पावतीसह रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पोरगा पुण्याला असला आणि रात्री कॅमेरा मुका झाला, तर तो कागद घेऊन पहिल्या सांध्यापासून निघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती बदलून काय झाले ते पाहूनच दुसरीला हात लावा.

तुमच्या घरचे कोणते यंत्र रुसले आहे ते कळवा. आपण मिळून पाहू, पाणी कुठे मुरते ते.

राम राम!